बशीतलं रोप

आंजी गावच्या नत्थूजींनी वांग्याची रोपं लावली की दोरी न धरताही ओळ सरळ यायची. पंचेचाळिशीत उजवा हात थरथरू लागला आणि ओळ वाकडी झाली. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. वडिलांचेही हात असेच हलत.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्यांना आकांक्षा भेटली. ती या आजारावर संशोधन करायची. दंडावरच्या कातडीचा मुगाएवढा तुकडा तिला हवा होता. त्यातल्या पेशींपासून मूळपेशी करायच्या, आणि मूळपेशींपासून मेंदूच्या पेशी वाढवायच्या, असं तिने समजावलं. नत्थूजींनी लगेच दंड पुढे केला. भाजी पिकवणाऱ्याला यात न कळण्यासारखं काय होतं? आधी वाफ्यात रोप, मग वावरात लागवड.

हिवाळ्यात आकांक्षा घरी आली. तिच्या फोनवरच्या फोटोत काळोखात पसरलेलं चंदेरी तंतूंचं जाळं होतं.

“काका, या तुमच्या कातडीपासून वाढवलेल्या मेंदूच्या पेशी.”

“मंग माह्या डोक्यात कवा लावता?”

आकांक्षाने काही लपवलं नाही. “लावायच्या नाहीत, काका. त्या काचेच्या बशीतच राहतात. जिवंत माणसाचा मेंदू उघडून आजार बघता येत नाही, म्हणून पेशी कशी बिघडते ते तिथे बघायचं, औषधं तपासायची. तुम्हाला उपयोग होईलच असं नाही. आणि फोटोतल्याच नाही, सगळ्याच पेशी बुरशीने गेल्या. पुन्हा तुकडा मागायला आलेय. नाही म्हणालात तरी चालेल.”

“कातडं नेता अन् औषध नाई!” नत्थूजींच्या पत्नी तानाबाई कडाडल्या. “काऊन द्याचं आमी?”

नत्थूजी उठून वावरात गेले. हात पुन्हा पूर्वीसारखा चालेल, या आशेवर त्यांनी सगळा पावसाळा काढला होता. चहा निवला तेव्हा ते परतले.

“बुरशी आमच्याही वाफ्याले लागते, पोरी. मंग का आमी पेरनं सोडतो?”

“पन तुमाले काय भेटन?” तानाबाईंनी विचारलं.

“माह्या बापाचा हात हाले तं लोक त्याले दारुड्या म्हनत. त्यानं थेंब नोता घेतला कधी.” त्यांनी दंडावरची बाही वर सरकवली. “आत काय बिघडते, ते कोनाले तं दिसू दे.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तानाबाईंनी नवऱ्याचा हलता हात आपल्या मांडीवर घट्ट दाबून धरला आणि आकांक्षाला दरडावलं, “यावेळी नीट सांभाळजो!”