तीनशे ग्रॅमने हलकी

मालवणातून कट्ट्याकडे येताना एक घाटी लागते. गाडीवाल्याला ती जाणवतही नाही, पण सायकलवर बसलेल्या एकोणपन्नास वर्षांच्या गणिताच्या बाईला ती चांगलीच कळते. घाटीच्या माथ्यावर, शेवटचं वळण संपलं की बसण्याजोग्या कठड्याची एक मोरी आहे. मोरीवर काजूच्या झाडाची सावली पडते. त्या सावलीत माझा नवरा दर रविवारी माझी वाट बघत बसलेला असायचा.

वाट बघण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. तीस वर्षं त्याने याच रस्त्यांवर एसटी चालवली. शेताच्या बांधावरून हात करत येणाऱ्या म्हातारीसाठी गाडी थांबवून ठेवायची त्याची ख्याती होती. म्हातारीवर तो कधी चिडला नाही आणि माझ्यावरही नाही. मी धापा टाकत वर पोचले, की तो पाण्याची बाटली पुढे करायचा आणि अगदी मायेने विचारायचा, "दमलंस?"

या एका शब्दासाठी मी सायकलला नवी, हलकी चाकं घेतली. लोकांना मी वेगवेगळी कारणं सांगितली, तब्येत, छंद, शाळेतल्या मुलींसमोर आदर्श वगैरे. खरं कारण एवढंच होतं, की एकदा तरी मला त्या मोरीवर आधी बसायचं होतं आणि त्याला विचारायचं होतं, "दमलात?"

आम्ही दोघांनी सायकली एकाच दिवशी घेतल्या, तो निवृत्त झाला तेव्हा. एकच बनावट, सारखेच गिअर, फक्त माझी थोडी बुटकी. रविवारी पहाटे कट्ट्याहून निघायचं, उतारावरून मालवण, तिथून तारकर्ली. किनाऱ्यावर होड्या लागलेल्या असल्या, की मासे घ्यायचे आणि उन्हं चढायच्या आत घाटी चढून घरी. माशांची पिशवी कायम त्याच्या हँडलला. कमी म्हणजे दोन किलो बांगडे आणि कधी वर एखादी सुरमई. माझ्या हँडलला त्याने पिशवी कधी लावू दिली नाही. "तुज्या सायकलीक वास येतलो," म्हणायचा. म्हणजे तो दोन किलो मासे घेऊन माझ्याआधी वर पोचायचा आणि वर विचारायचा, दमलंस!

मग मी वाचायला लागले. रोज दहावीचे पेपर तपासून झाले की मोबाइलवर चाकं. त्यातून कळलं, की सायकलचं बाकी वजन एकवेळ चालेल पण चाकाचं वजन नको, कारण ते नुसतं उचलायचं नसतं, फिरवायचंही असतं. माझी मूळची चाकं एकोणीसशे ग्रॅमची होती. सोळाशेची मिळाली तर तीनशे ग्रॅम वाचणार होते. हे वाचताना मी साधारण तिसरं घावन खात असायचे, ती गोष्ट वेगळी.

सगळ्यात हलकी चाकं कार्बनची. त्या किमतीत आमच्याकडे दुभती म्हैस दारात येते, आणि म्हैस निदान दूध देते. माझ्याकडे होते ते माहेरच्या काजूचे पैसे. आई मला दरवर्षी दोन झाडांचं उत्पन्न देते, ते मी कट्ट्याच्या बाजारात विकते. तेवढ्यात बसवायचं ठरवलं.

आधी बाजारातल्या सायकलवाल्याला विचारलं. त्याने माझ्या मोबाइलवरचा फोटो जवळ धरून आरे मोजले.

"ह्यांचे बाकीचे आरे खंय गेले?"

"वीसच असतत. म्हणान हलकी."

"म्हणजे आरे कमी देतत आणि पैशे जास्त घेतत?"

"हो."

"बरो धंदो आसा," तो म्हणाला. मग छत्तीस आऱ्यांची लोखंडी जोडी काढून समोर ठेवली. "ही घेवा. सोळा आरे जास्त, पैशे निम्मे." हिशेब बिनचूक होता, त्यामुळे मला त्याचा फारच राग आला.

शेवटी पणजीकडच्या एका सायकलवाल्या तरुणाची वापरलेली जोडी मिळाली. त्याला याहून हलकी घ्यायची होती, म्हणून तो विकत होता. फोनवर मी तीनदा विचारलं, वजन नक्की किती. तिन्ही वेळा तो म्हणाला, "सोळाशे, मॅडम. एक ग्रॅम जास्त भरला तर परत पाठवा." पार्सलचा खर्च नवऱ्याने वाचवला. त्याच्या जुन्या ओळखीचा एक ड्रायव्हर गोव्याच्या गाडीवर होता, त्याच्या सीटमागून चाकं आली. नवरा स्वतः स्टँडवर जाऊन ती घेऊन आला, खोक्यावरची धूळ पुसली आणि म्हणाला, "बरी दिसतत गो." आपल्याच पराभवाचं सामान माणूस इतक्या कौतुकाने उचलून आणतो, हे बघून मला जरा वाईटही वाटलं. पण जराच.

आता वजनाची खात्री करायची होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर चाक मावेना. आकड्याला टांगून वजन करायचा काटा आमच्या ओळखीत एकाकडेच, काजू घेणाऱ्या व्यापाऱ्याकडे.

त्या काट्याबद्दल थोडं सांगायला हवं. दर एप्रिलमध्ये मी त्या काट्यासमोर उभी राहून भांडते. एका वर्षी तर मी दुकानातून साखरेची एकेक किलोची पाच बंद पाकिटं घेतली, थेट त्याच्याकडे गेले आणि आकड्याला लावली. सव्वाचार किलो भरली. मी त्याला तिथल्या तिथे सांगितलं, किलोमागे दीडशे ग्रॅम खाता तुम्ही. तो जरासुद्धा डगमगला नाही. "साखर सुकता, वयनी," म्हणाला. तरी मी काजू त्यालाच घालते, कारण बाकीचे भाव आणखी कमी देतात. सातवीच्या मुलांना गुणोत्तर शिकवताना हाच काटा मी उदाहरण म्हणून घेते, अर्थात नाव न घेता. मुलं नाव आपणच सांगतात.

तर त्या काट्याला मी सुतळीने बांधून दोन्ही चाकं टांगली. आकडे थोडे नाचले आणि स्थिर झाले. एक किलो सहाशे. पणजीच्या तरुणाने सांगितलं होतं तेवढंच, ग्रॅमचाही फरक नाही! मला एकदम तो व्यापारी सज्जन वाटायला लागला. त्याच्या बायकोची चौकशी केली, त्याच्याकडून पाव किलो कोकम नको असताना घेतलं. बावीस वर्षं गणित शिकवणारी बाई, त्या काट्याची लबाडी स्वतः टक्केवारीत काढलेली, आणि तिच्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही. काजू टांगले की तो काटा चोर आणि चाकं टांगली की साव.

पुढच्याच रविवारी घाटी आली. खालून आम्ही बरोबर निघालो. पहिल्या वळणाला मी त्याच्या बरोबरीने होते, दुसऱ्याला पुढे. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, ते पाळलं. माथ्यावर पोचले तर मोरी रिकामी! मी बसले. बाटली काढली, केस सारखे केले, श्वास जागेवर आणला आणि चेहऱ्यावर जमेल तेवढी माया गोळा केली.

तो बराच वेळ आला नाही. मग वळणावर दिसला, तर सायकलवरून उतरलेला. एक हात सीटवर, तोंड उघडं, हळूहळू ढकलत येत होता. मला बघितलं मात्र, आणि लगेच टांग टाकून बसला. शेवटची वीस पावलं त्याने ताठ बसून पेडल मारत काढली.

"दमलात?" मी विचारलं.

"चाकां बरी आसत तुजी," तो म्हणाला आणि पिशवीतले मासे सारखे करत बसला.

असे मी ओळीने चार रविवार जिंकले. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना चाकाच्या वजनाचं शास्त्र समजावलं. ज्यांच्याकडे सायकल नव्हती त्यांनाही समजावलं. घरी जेवतानाही विषय तोच, आणि नवरा मान डोलवायचा. "तीनशे ग्रॅम म्हणजे काय कमी नाय," म्हणायचा. त्याचं वाढण हल्ली कमी झालं होतं, तेसुद्धा मी माझ्या विजयाच्या खात्यात घातलं. हरल्याने जेवण जात नाही असा समज.

दिवाळीनंतर खारेपाटणच्या एकाने माझी जुनी चाकं विकत मागितली. पार्सलसाठी अंदाजे वजन हवं होतं. मी पुन्हा व्यापाऱ्याकडे गेले, जुनी चाकं सुतळीने बांधली आणि टांगली.

एक किलो सहाशे वीस.

"काटो बिघडलो तुमचो," मी म्हटलं.

त्याला ते फार लागलं. "वयनी, काटो तोच आसा. त्या दिवशी बरो होतो, आज वायट झालो?"

मी परत टांगून बघितली. एक किलो सहाशे वीस. तो खरंच बोलत होता. काटा खोटा असला तरी जुन्या-नव्याला सारखाच खोटा होता. जुनी चाकं एकोणीसशेची, ती इथे सोळाशे वीस भरतात. मग इथे सोळाशे भरणारी नवी किती, हे सातवीतल्या मुलाने बोटांवर सांगितलं असतं. दोन्ही जोड्यांत फरक होता तो चार काजूबियांचा.

पणजीच्या तरुणाला काय काय बोलायचं याची मी रस्त्यात चालता चालता उजळणी करत होते. शिव्याही निवडल्या होत्या. आणि मध्येच, कट्ट्याच्या स्टँडसमोर, मी थांबले. चाकं हलकी नव्हती, तर मग मी जिंकत कशी होते?

मोबाइलवर प्रत्येक रविवारची नोंद असते, कुठली चढण किती वेळात चढली ती. मी ती कधी उघडून बघितली नव्हती, कारण मला फक्त मोरीवर कोण आधी बसतं एवढंच बघायचं होतं. स्टँडच्या बाकावर बसून उघडली. चाकं घेण्याआधी घाटी चढायला मला अकरा मिनिटं लागत होती. चाकं घेतल्यावरही अकराच. मी एका सेकंदाने वाढले नव्हते. कमी झाला होता तो. पूर्वी माझ्याआधी पोचणारा माणूस आता उतरून, ढकलत येत होता. आणि मी वर बसून केस सारखे करत होते.

मला भीती वाटली. सरळच सांगते, एवढी भीती मला गेल्या कित्येक वर्षांत वाटली नव्हती. तरुणाला फोन करायचा राहूनच गेला.

घरी गेल्यावर सांगितलं, उद्या डॉक्टरकडे जायचं. तो म्हणाला, "माका काय झाला? चाकां तुजी हलकी, तर मी कित्याक डॉक्टराकडे?" मी म्हटलं, माझ्या समाधानासाठी चला. माझ्या समाधानासाठी तो काहीही करतो, अशा वेळी ते उपयोगी पडतं. तपासण्या झाल्या. रक्तदाब वाढलेला निघाला, बरेच दिवसांचा असावा म्हणाले. रोज एक गोळी दिली. सायकल बंद करू नका, पण शर्यत नको आणि चढणीला दम लागला तर उतरून चालायचं. डॉक्टरांनी हे सांगितलं, तेव्हा त्याने माझ्याकडे बघितलं नाही. मीही भिंतीवरच्या दातांच्या तक्त्याकडे बघत बसले.

महिनाभराने आम्ही पुन्हा तारकर्लीला गेलो. बांगडे घेतले. तो पिशवी हँडलला अडकवायला लागला तशी मी हात पुढे केला.

"हकडे देवा."

"वास येतलो तुज्या सायकलीक."

"येवंदे."

"चाकां नाजूक आसत तुजी."

"बांगडे पेलण्याइतकी आसत," मी म्हटलं आणि पिशवी घेतली.

घाटीच्या पायथ्याशी मी उतरले. चेन उतरल्यासारखं वाटतं, तुम्ही व्हा पुढे, असं सांगितलं. चेन जागच्या जागी होती. मी तिथे खाली बसून तिच्याकडे बघत राहिले. तो पहिल्या वळणाआड गेला, मग दुसऱ्या. त्यापुढचं दिसत नव्हतं, कोणालाच दिसत नव्हतं. त्याला उतरायला, हवं तेवढं ढकलायला, वर पोचून मोरीवर बसायला आणि श्वास जागेवर आणायला किती वेळ लागेल, याचा मी हिशेब केला. त्यात पाच मिनिटं आणखी मिळवली. मग निघाले. बांगड्यांची पिशवी गुडघ्याला लागत होती आणि ती खरंच जड होती.

माथ्यावर तो सावलीत बसला होता. चेहरा कोरडा होता. मला बघून बाटली पुढे केली.

"एवढी हलकी चाकां घेवन काय उपयोग?" तो म्हणाला. मग अगदी पूर्वीसारखं विचारलं, "दमलंस?"

"दमलंय," मी म्हटलं आणि त्याच्या शेजारी बसले.