कालव्याकाठची सायकल

माझ्या नवऱ्याची सायकल म्हणजे माझी सवतच. अमेरिकेत, पिस्कॅटवेला घर घेतलं तेव्हा मी स्वयंपाकघर बघत होते आणि हा गॅरेजच्या भिंतीवर खुंट्या कुठे ठोकायच्या ते. रविवारी बाकीचे नवरे बायकोला घेऊन ब्रंचला जायचे; आमचा हा पाठीवर चिखलाचा पट्टा घेऊन दुपारी घरी उगवायचा.

मग त्याला पार्किन्सन्स झाला. बाथरूमच्या दारापाशी गेला की पाय फरशीला चिकटायचे, काही केल्या हलायचे नाहीत. पण सायकलवर बसला की सरळ जायचा. डॉक्टर म्हणाले, असं बऱ्याच जणांचं होतं, चालवू द्या. मात्र स्वतःचा स्वतः उतरू शकतोय तोवरच. त्या 'तोवर'वर आमचा अख्खा उन्हाळा उभा होता.

मराठी मंडळाच्या पिकनिकला एक काकू माझ्या कानाशी लागल्या, "चालता येत नाही म्हणता, पण सायकल बरी चालते हो!"

"हो ना काकू, नाटकं करतो. तुम्ही न्या ना चार दिवस घरी," मी म्हटलं. मग गाडीत जाऊन पोटभर रडून घेतलं.

जुलैत सकाळी टीव्हीवर फ्रान्समधली रेस लागायची. त्याला अर्धाच कप चहा द्यायचा, नाहीतर सांडायचा. पहिला कोण येतो यात त्याला फारसा रस नसे. त्याचा जीव शेवटून येणाऱ्यांत. "ठरलेल्या वेळेत पोचला नाही, तर उद्या ह्याला सुरूच करू देणार नाहीत," तो मला समजावायचा. एक दिवस असाच एक जण घाट चढून फार उशिरा पोचला. ह्याने टीव्ही बंद केला आणि नुसता बसून राहिला. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, इट्स जस्ट अ रेस." तो हो म्हणाला.

दुरुस्ती आता माझ्याकडे आली होती. तो खुर्चीत बसून सांगायचा, मी जमिनीवर बसून करायची.

"अगं, उलटं फिरवतेयस."

"मग तू कर!" तोंडातून निघून गेलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तोच हसला. "हात तुझे, अक्कल माझी. संसार तसाच तर केला."

शनिवारी कालव्याकाठच्या मातीच्या वाटेवर पुढे तो आणि मागे मुलीच्या शाळेच्या दिवसांतल्या सायकलवर मी. पाठमोरा तो अगदी पूर्वीसारखा दिसायचा. तेवढा वेळ मला आजाराचा विसर पडायचा, आणि त्या विसराची मला चटक लागली होती.

ऑगस्टच्या शेवटी लाकडी पुलापाशी त्याने ब्रेक लावला, पण पाय खाली आलाच नाही. सायकलसकट गवतात कलंडला. कोपर खरचटलं, बाकी काही नाही.

"गवतच होतं रे," मी म्हटलं.

"पायाला सांगितलं मी, खाली ये म्हणून. ऐकलं नाही त्याने."

पुढच्या शनिवारी त्याने मला गॅरेजमध्ये बोलावलं. मला वाटलं, चेनला तेल द्यायचं असेल.

"पाना घे. माझ्या सायकलची सीट खाली कर."

"किती?"

"तुझे पाय टेकतील इतकी."

तेव्हा कळलं. मी म्हटलं, "मला नकोय तुझी सायकल."

"नुसती टांगून ठेवली तर वाईट वाटेल गं मला."

बोल्ट सैल केला, सीट खाली घेतली, पुन्हा आवळला. डोळ्यांना धड दिसत नव्हतं, तरी या वेळी काही चुकलं नाही. "बस, मी धरतो," तो म्हणाला. एक हात भिंतीला लावून दुसऱ्याने त्याने सीट धरली. त्याच्या हाताबरोबर अख्खी सायकल माझ्याखाली थरथरत होती.

"जा आता," तो म्हणाला.

मी कसली जातेय. तशीच बसून राहिले. माझे दोन्ही पाय जमिनीवर टेकत होते.