डुकरवाल्या सरांच्या जुन्या माद्या

नव्या माणसाची ओळख झाली की सर आधी विचारत, "आई कुठली तुमची?" वडिलांचं नाव, गाव, आडनाव नंतर. पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी हेच विचारलं आणि बैठकीतले पाहुणे एकमेकांकडं बघायला लागले. बिडकीनच्या पलीकडं त्यांच्या शेतात डुकरांची शेड होती, म्हणून सगळे त्यांना 'डुकरवाले सर' म्हणत. जनावरांची आनुवंशिकी शिकवता शिकवता ते निवृत्त झाले आणि भावकीनं नाकं मुरडली तरी त्यांनी हा उद्योग मांडला. मी त्यांचा विद्यार्थी. पुढं त्याच भागात जनावरांचा डॉक्टर झालो, त्यामुळं शेडवर जाणं-येणं कायम राहिलं.

सरांच्या माद्या दिसायला ओबडधोबड होत्या. पाठीवर चरबीचा थर, वाढ संथ. पण पिल्लांत आडवं होताना त्या आधी पुढचे गुडघे टेकत, घुरघुरत, पिल्लं बाजूला झाली की मगच अंग टाकत. वेत मोठं असे आणि त्यातली बहुतेक पिल्लं जगत. अशाच आयांच्या लेकी सरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून राखल्या होत्या.

"गुण सुटे मिळत नसतात रे," ते म्हणत. "जुडी घ्यावी लागती. नुसती झटपट वाढ आणि कमी चरबी बघत गेलास, तर विणं, दूध, माया त्याच जुडीतून गळत जातं. आणि गळताना दिसत नाही."

व्यापाऱ्यांना मात्र चरबी नको होती. सरांचे धाकटे भाऊ बापू, शेडमधले भागीदार, एक दिवस लांबून नर घेऊन आले. लांबलचक अंगाचा, घट्ट पुठ्ठ्यांचा. सरांनी विरोध केला, पण त्या नराची पहिली पिल्लं झाली आणि सगळ्यांची बोलती बंद झाली. पिल्लं भराभर वाढली. त्यांतल्या लेकी व्यायल्या, तेव्हा त्यांची वेतंही भरघोस निघाली.

"आता बोला दादा," बापू म्हणाले. "तुमची जुडी कुठं गेली?"

"हा संकराचा जोम आहे, वेगळं रक्त मिसळलं की पहिल्यांदा येतो तो. पुढं टिकायचा नाही," सर म्हणाले. पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. बापूंना जागा हवी होती. जुन्या माद्या काढायच्या आणि सगळ्यांत वेगानं वाढणाऱ्या पोरीच पुढं आया म्हणून ठेवायच्या, असं त्यांनी ठरवलं. मी सरांना म्हणालो, थोड्या तरी जुन्या राहू द्या. ते म्हणाले, "डोळ्यांपुढं दिसतंय ते नाकारायचं, तर मग मी आयुष्यभर शिकवलं काय?"

जुन्या माद्या टेम्पोत चढल्या. सरांनीच त्यांना हाकललं.

पुढच्या पिढ्यांत हळूहळू सगळं उसवलं. माद्या उशिरा माजावर येऊ लागल्या. वेतं लहान झाली. पाठीवर चरबीचा साठाच नसल्यानं दूध पाजता पाजता माद्यांची हाडं दिसत आणि मग त्या पुन्हा गाभणच राहत नसत. एका सकाळी बापूंनी मला फोन करून बोलावलं. नुकतीच व्यालेली मादी धपकन पिल्लांवर पडली होती. सर कडब्यात बसून चेंगरलेली पिल्लं एकेक बाहेर काढत होते. बापू दाराशीच उभे राहिले. "दादा, आवशिद असंल ना काही?" सरांनी पुढचं पिल्लू उचललं. बापूंनी मग माझ्याकडं पाहिलं. औषध नव्हतं.

त्यानंतर सरांनी जुन्या रक्ताचा शोध घेतला. कधीकाळी कुणाकुणाला दिलेल्या लहान माद्यांच्या मागावर आम्ही पाचोडपर्यंत हिंडलो. शेवटी पिशोरजवळच्या एका वस्तीवर मादी सापडली. तीच ओबडधोबड पाठ. सर झपाझप पुढं गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "व्हय, तुमचीच हाय सर. लई गुणाची. पण आता म्हातारी झाली, गाभण राहत नाय."

"हिच्या लेकी?"

"इकल्या की समद्या. कापायला."

सरांनी मादीच्या पाठीवर हात ठेवला आणि तसेच खाली बसले. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. ठाऊक असून मी विश्वास नाही ठेवला."

पुढं शेड मोडली. सर संभाजीनगरात मुलाच्या फ्लॅटवर राहायला गेले. मी जायचो. चहा यायचा, ते खिडकीबाहेर बघत बसायचे. आल्या-गेल्याला काही विचारणंही त्यांनी सोडलं होतं. गेल्या उन्हाळ्यात ते गेले. स्मशानात बापू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले.

आता परिसरात नव्या शेडा होताहेत. तरुण पोरं मला हौसेनं आपले नर दाखवतात. मी सांगतो, जुन्या माद्या काढू नका, सरांची सगळी हकीकत सांगतो. ती नीट ऐकून घेतात आणि म्हणतात, "खरंय डॉक्टर, पण ही वजनं बघा ना!"

मी बघतो. वजनं खरोखरच चांगली असतात.