दारात बसण्यापुरती वीज

माझ्या बायकोचं शेवटच्या वर्षातलं मागणं एवढंच होतं, की तिला आपल्या दारात बसू द्यावं. अर्धापूरच्या आमच्या घराचं दार थेट रस्त्यावर उघडतं. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून एक पाट असायचा. त्यावर बसून ती भाजी निवडायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बायांना थांबवून त्यांच्या घरची सगळी हकीकत काढून घ्यायची, आणि केळीच्या गाड्या जोरात गेल्या की ड्रायव्हरला ओरडायची, "हळू हाक की रं मुडद्या, लेकरं हायेत रस्त्यावर!" ड्रायव्हर हसून हात करायचे. तिचं निम्मं आयुष्य त्या पाटावर गेलं आणि उरलेलं तिथंच जावं अशी तिची इच्छा होती. यात काय मोठं मागितलं होतं तिनं?

तिची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे बरं होणार नाही, पण ऑक्सिजनचं मशीन लावून ठेवलं तर बाई बऱ्यापैकी राहील. ते मशीन खोलीतल्याच हवेतून ऑक्सिजन वेगळा काढून नळीनं नाकात सोडतं. फक्त त्याला वीज लागते, आणि ती सतत लागते. मी डॉक्टरांना म्हणालो, "साहेब, हे अर्धापूरला सांगा." त्यांना वाटलं मी गंमत करून राहिलो.

आमच्याकडं वारा सुटला की लाईट जाते. पाऊस आला की जाते, आणि ऊन वाढलं की डीपी जळतो म्हणून जाते. इन्व्हर्टर होताच, पण त्याची ती जुनी ॲसिडची बॅटरी मशीनचा भार घेऊन थोड्याच वेळात मान टाकायची. मग मी एक छोटा सिलिंडर आणून कोपऱ्यात उभा केला, अडीअडचणीला. लेक नांदेडला दिलेली आहे. तिचा फ्लॅट, लिफ्ट, बिल्डिंगला जनरेटर. ती रोज फोनवर म्हणायची, "बाबा, आईला इकडं आणा, का जिवाशी खेळून राहिलाव?" आणि तिची आई इकडून ओरडायची, "तिथं दिवसभर दार लावून घेतात. मी काय लावलेल्या दाराकडं तोंड करून बसू?"

मी मोटार रिवाइंडिंगचं काम करतो. शेतातली मोटार जळाली की तिच्यातली काळी पडलेली तार उपसायची आणि नवी भरायची. जळालेलं पुन्हा चालू करणं हा धंदा, त्यामुळं मोबाईलवर कुठंतरी पाहिलं की अपघात झालेल्या इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीतले मॉड्यूल काढून घरासाठी वापरतात, तेव्हा माझ्या डोक्यात ते घुसलंच. कारला ओढायला ताकद लागते. तेवढी राहिली नाही तरी घरातलं एक मशीन चालवायला ती पुष्कळ. बायको म्हणाली, "म्हंजे आता माझा जीव भंगारवाल्याच्या हातात." पण हसली. खोकला येईस्तोवर हसली.

लातूरला एमआयडीसीच्या बाजूला एक गॅरेजवाला अशा गाड्या मोडून विकतो असं कळलं. आमच्याकडून केळी घेऊन लातूरला जाणारी पिकअप येताना रिकामी येते, तिच्यात बसून गेलो. गॅरेजवाल्यानं एक चेपलेली कार दाखवली. "मामा, पलटी झालेली हाय, पण खालच्या बॅटरीला धक्का न्हाई बगा. नवी कोरी." मी म्हटलं, "नवी कोरी असती तर तू मला मामा म्हणाला नसतास." एकेक मॉड्यूल, म्हणजे पत्र्याचा चपटा जड डबा, ज्याच्या आत पातळ सेल शेजारी शेजारी दाबून बसवलेले असतात, मीटर लावून तपासला. फुगलेले बाजूला सारले. चांगले निघाले ते गाडीत केळीच्या वाळक्या पानांवर निजवून आणले. येताना रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी मागं वळून डबे बघायचो.

पुढचे कित्येक दिवस दुकानात कमी आणि ओसरीतच जास्त होतो. प्रत्येक मॉड्यूल पूर्ण भरायचा, मग त्याच्यावर जुने बल्ब जाळत ठेवायचे आणि किती टिकतो ते बघायचं. जे लवकर दमले ते वगळले. उरलेले आधी सगळे शेजारी जोडून त्यांचं चार्जिंग एका पातळीवर येऊ दिलं, मग ते एकामागं एक जोडले. जाड तांब्याच्या पट्ट्या कापल्या, घासल्या, आवळल्या. वर बीएमएसचं सर्किट बसवलं. बायकोनं विचारलं हे काय, तर मी म्हणालो, "हा मुकादम. कोणता सेल जास्त भरला, कोणता दमला, ते बघतो आणि गडबड दिसली की काम बंद करतो." प्रत्येक सेलपासून या मुकादमापर्यंत एक केसासारखी बारीक तार जाते. त्या तारांवरून त्याला सगळ्यांची खबर कळते. छतावर सोलरच्या प्लेटा चढवल्या. लाकडी पेटी केली, आणि आमच्याकडचा उन्हाळा काय असतो ते ठाऊक असल्यानं वरून झाकण न लावता बारीक जाळी ठोकली, आतली गरम हवा निघून जावी म्हणून. त्या जाळीचा मला फार अभिमान होता.

मग लांब नळी आणली. मशीन आतल्या खोलीत, आणि नळी थेट उंबऱ्यापर्यंत.

पहिल्याच मोठ्या पावसात आमच्या बाजूचा खांब पडला आणि सगळी गल्ली आंधळी झाली. आमच्या घरात मशीन घुरघुरत होतं. बायको दारात बसून पाऊस बघत होती. समोरची बाई डोक्यावर पोतं घेऊन पळत आली, म्हणाली, "काकू, तुमच्याकडं लाईट हाय?" बायकोनं मान ताठ केली. "आमचं घर कारवर चालतंय." ती बाई तिच्याकडं आणि माझ्याकडं बघतच राहिली. त्या पावसाळ्यात गल्लीतल्या सगळ्यांचे मोबाईल आमच्या ओसरीत भरायला यायचे आणि त्यांच्याबरोबर बाया यायच्या, आणि बायकोचा दरबार भरायचा. ती खंगत होती, हे दिसत होतं. पण दारात खंगत होती. मला त्या दिवसांत सुख होतं असं म्हणायला लाज वाटते, पण होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्या हत्यारावर पोट चालतं ते धुवायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, आणि त्या दिवशी त्याला कामाला लावायचं नाही. आमच्या दुकानात पान्ह्यांपासून रिवाइंडिंगच्या मशीनपर्यंत सगळ्यांची पूजा होते, आणि ॲसिडच्या बॅटऱ्यांवरही दरवर्षी नारळाचं पाणी शिंपडलं जातं. त्यांना त्याचं काही वाटत नाही. मी त्या दिवशी दुकानात होतो. घरी आलो तर पेटीच्या चारही कोपऱ्यांना कुंकू, वर झेंडूचा हार, बायको पाटावर दमून बसलेली. म्हणाली, "तुमच्या पान्ह्यांची पूजा होती, मग ज्याच्यावर माझा श्वास चालतो त्याची नको? बंद मात्र ठेवता येत न्हाई त्याला, माफी मागितली म्या." मशीन चालू होतं, सगळं ठीक होतं. मला तिचं कौतुक वाटलं. प्रसादाचं खोबरं खाल्लं मी.

दिवाळी गेली. नंतर एका दुपारी मी दुकानात असताना लाईट गेली, आणि नेहमीप्रमाणं घराची वीज बॅटरीवर यायला हवी होती, ती आली नाही. मशीन ओरडायला लागलं. समोरची बाई धावत मला बोलवायला आली. मी पोचलो तेव्हा बायकोचे ओठ निळे पडले होते आणि डोळे दाराकडं लागले होते. सिलिंडर उघडला, नळी लावली, गाडी केली. संध्याकाळी ती नांदेडच्या दवाखान्यात होती. तिथून लेकीनं तिला सरळ आपल्या घरी नेलं, आणि या वेळी तिच्या कपड्यांची पिशवी मीच पोचवली. कोणत्या तोंडानं नको म्हणणार होतो?

परत येऊन पेटी उघडली. एका बाजूचे मॉड्यूल फुगून डब्याचे पत्रे वाकले होते. मला वाटलं भंगार ते भंगारच, गॅरेजवाल्यानं गंडवलं, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला मी. मग मोबाईलचा टॉर्च लावला आणि वाकून बघितलं. मुकादमाकडं जाणाऱ्या बारीक तारांच्या टोकांवर हिरवा थर चढला होता. थराखाली वाळलेलं चिकट काहीतरी, त्यात लालसर कुंकू, आणि एका स्क्रूला अडकलेला नारळाच्या शेंडीचा धागा. पाणी माझ्या जाळीतून गेलं होतं. एकदम काही झालं नाही. तांबं हळूहळू सडत गेलं, मुकादमाला खोट्या खबरा मिळत गेल्या, आणि त्या खबरांवर विश्वास ठेवून तो काही सेल जास्तच भरत राहिला. मी ओसरीत फरशीवर बसून रडलो. चीड अशी की कुणावर काढावी कळेना. नारळावर? दसऱ्यावर?

नांदेडला गेलो तेव्हा ठरवलं होतं की सांगायचं, मॉड्यूल जुने होते, संपले. तसंच सांगितलं. फ्लॅटमधली ती खोली चांगली होती, मोठी खिडकी होती, खिडकीत समोरच्या बिल्डिंगची दुसरी खिडकी होती. लाईट एकदाही गेली नाही तिथं. जरा वेळानं ती म्हणाली, "मॉड्यूलचं काही न्हाई. माझंच चुकलं."

मला वाटलं, तिला सगळं कळलं.

"नारळ एका घावात फुटला न्हाई," ती म्हणाली. "बसून फोडायला गेले. दम न्हाई पुरला. चार-पाच घाव घातले, अन् निम्मं पाणी हातातच सांडलं. देवाला अर्धंच पोचलं. म्हून बिघडलं ते."

मी काय बोलणार होतो? की बाई, अर्धं पोचलं म्हणूनच तू त्या दिवशी वाचलीस, सगळं पोचलं असतं तर तिथंच ठिणगी उडाली असती? की देवाला नाही, ते तारांना पोचलं? मी म्हणालो, "असं काही नसतं गं." ती म्हणाली, "तुमाला काय कळतंय त्यातलं." आयुष्यभर म्हणायची तसंच म्हणाली.

"पुन्हा बनवा," ती म्हणाली. "म्या येते दारात बसायला."

मी पुन्हा लातूरला गेलो. गॅरेजवाल्याकडं तसली गाडी नव्हती. "येईल मामा, कोणाची तरी पलटी होईलच की." कुणाची तरी गाडी पलटी होण्याची वाट बघत मी दिवस काढले, असं माझं झालं होतं. शेवटी गाडी आली. कुणाची होती, त्यातल्या माणसांचं काय झालं, ते मी विचारलं नाही. मॉड्यूल आणले. पुन्हा बल्ब, पुन्हा तांब्याच्या पट्ट्या. या वेळी जाळी बाजूंना लावली आणि वर घट्ट फळी, तिला उतार दिलेला.

मधल्या काळात तिला बघायला कोणी बाई आली होती, तिनं ओटी भरली. मी भेटायला गेलो तेव्हा त्यातला नारळ बायकोनं माझ्या हातात दिला. सोललेला नव्हता, गच्च शेंडीचा होता. कानाशी हलवून दाखवला मला, आतलं पाणी डुचमळलं. "भरलेला हाय. घेऊन जा, नव्या पेटीवर ठेवा. तुमी फोडू नका. म्या आल्यावर उभी राहून एका घावात फोडते. आवंदा समदं पाणी पोचू द्या." बोलताना तिला मधे तीनदा थांबावं लागलं. मी म्हणालो, "हाव, ठेवतो."

पेटी तयार झाली. लेकीला फोन केला, म्हटलं आईला सांग, पेटीवर मशीनएवढा भार लावून बघितला, चांगली चालतेय. लेक म्हणाली, आई झोपली आहे, उठल्यावर सांगते. ती त्या झोपेतून उठलीच नाही. दार लावलेलं होतं, लाईट चालू होती, मशीन घुरघुरत होतं.

तिला अर्धापूरला आणलं आणि दारातूनच नेलं.

आता पेटी चालते. ही पहिलीपेक्षा चांगली झाली आहे, याचा मला राग येतो. घरात एक पंखा, एक दिवा आणि मी. दुपार व्हायच्या आत बॅटरी भरते आणि मुकादम चार्जिंग बंद करून टाकतो, कारण पुढं घेणारं कोणी नाही. ऑक्सिजनचं मशीन लेकीनं एका गरजवंताला दिलं. बरं केलं. लाईट गेली की समोरची बाई अजून मोबाईल लावायला येते, लावते आणि लगेच जाते. बसायला कोणी नाही म्हटल्यावर ती तरी कशाला बसेल? पाट मी आत नेऊन ठेवला.

नारळ मात्र पेटीवरच होता. मी त्याला हात लावत नव्हतो. परवा खंडेनवमी आली. दुकानातली पूजा केली, मग घरी येऊन पेटी पुसली, कुंकू लावलं. नारळ उचलला आणि सवयीनं कानाशी हलवला. पाणी वाजलं नाही. वर्ष होत आलं, ते आतल्या आत आटून गेलं होतं, आणि खोबरं करवंटीपासून सुटून कोरडं खडखडत होतं.

आता तो कुठंही फोडला तरी चालेल. कशालाच काही होणार नाही.