हावऱ्याचा घास

केवळाबाईच्या कुत्र्याचं नाव हावऱ्या पडलं ते त्याच्या खाण्यावरून. सोनपेठच्या बाजारात खाटकाच्या फळीखाली बरीच पिल्लं एका आतड्यासाठी एकमेकांच्या अंगावर चढत होती. त्यातलं एक तिच्या नवऱ्यानं, रायभाननं, घोंगडीत गुंडाळून आणलं. पिल्लाचा दांडगा कुत्रा झाला. लांडग्याच्या अंगावर सरळ जायचा, मेंढीला मात्र कधी दात लावला नाही. पण बाजारातली ती भूक काही त्याच्या पोटातून गेली नाही. भाकरी समोर पडली की दाताला लागायच्या आधीच नरड्याखाली. मग ठसका, मग उलटी, आणि ती उलटीही तेवढ्याच घाईनं परत पोटात. रायभान हसायचा, केवळाबाईही हसायची.

एकोणीसशे अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात तिचं हसणं थांबलं.

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने होते. गावोगाव रझाकारांच्या बातम्या यायच्या. खऱ्या किती आणि खोट्या किती, कुणाला सांगता यायचं नाही. ज्यांना जमलं ते हद्दीपलीकडं निघून गेले होते. मेंढरं घेऊन कुठं पळणार? केवळाबाई आणि रायभान गोदावरीच्या काठी, आबासाहेब नावाच्या जमीनदाराच्या रानात मेंढ्या बसवून होते. दिवसा चारायच्या, रात्री त्याच्या शेतात जाळीच्या कुंपणात बसवायच्या. लेंड्यांचं खत शेताला, बदल्यात ज्वारी धनगराला. त्यातच रायभानच्या घोट्यात नारू निघाला. पांढरा दोऱ्यासारखा किडा काडीला गुंडाळून रोज थोडा थोडा ओढायचा, तुटला तर पाय गेला. तो पालात पडून राहिला. चारणं, पाणी, राखण सगळं केवळाबाईवर आलं. आधाराला काय तो हावऱ्या.

अशात एका दुपारी ओढ्यापलीकडचा आश्रुबा आला. तोही मेंढपाळच. पालासमोर येऊन मटकन खाली बसला.

"वैनी, आमचा ढाण्या गेला."

"गेला मंजी?"

"मेला. दोन माणसं वाटंनं जायली व्हती. खाकी कपडे. त्यातल्या एकानं चरबीचा गोळा टाकला. ढाण्यानं उचलला आन् गिळला. आमी बघतोय तवर कुत्रं ताठ. कमानीवानी वाकलं, पाय झाडले, संपलं. कुचल्याचं इख आसंल. मागून आले आन् चांगल्या चांगल्या मेंढ्या हाकून नेल्या."

पालातून रायभाननं विचारलं, "रझाकार व्हते का?"

"कोण जाणं, दादा. आजकाल खाकी घातली की कुणी इचारतंय का? चोर बी आसतील."

"चौकीवर गेलतास?"

"जाऊन काय करू? मलाच बसवून घेतील."

आश्रुबा बोलत होता तेवढ्यात केवळाबाईच्या हातातला भाकरीचा तुकडा खाली पडला. तो जमिनीला टेकायच्या आत हावऱ्यानं गिळला. तिनं कुत्र्याकडं बघितलं आणि पटकन त्याचा जबडा धरला.

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. रानात कुणी लांबून जरी दिसलं तरी ती आधी त्याच्या हाताकडं बघायची. हावऱ्याला बांधून ठेवावं तर लांडगे येणार. सोडावं तर हा समोर पडेल ते गिळणार.

आधी तिनं मिरचीचा उपाय केला. पिठाच्या गोळ्यात तिखट भरून वाटेत टाकून ठेवलं. हावऱ्यानं गोळा गिळला, मग कुई कुई करत ओढ्याकडं पळाला, पोटभर पाणी प्याला आणि परत येऊन दुसरा गोळा शोधायला लागला.

"त्याला चवच कळायली न्हाई," रायभान म्हणाला. "जिभंवर थांबलं तर कळंल ना! आधी त्याला हळू खायला शिकीव."

"कसं शिकवू? माणसाला सांगता येतंय."

सांगता येत नव्हतं म्हणून तिनं नदीतले गोटे आणले. हावऱ्याच्या दगडी कुंडीत ते टाकले आणि वरून ताकात कालवलेली भाकरी ओतली. आता घास गोट्यांच्या फटीत अडकला. हावऱ्यानं तोंड घातलं, दात दगडावर आपटले. पहिल्या दिवशी त्यानं पंजानं कुंडीच उलटी केली. दुसऱ्या दिवशी लहान गोटे तोंडानं उचलून बाहेर टाकले. केवळाबाईनं उचलता येणार नाहीत असे मोठे टाकले आणि कुंडी मातीत रोवली. मग मात्र त्याला जिभेनं फटी चाटत, एकेक तुकडा वेचत खावं लागलं. तो गुरगुरायचा. ती मानेवर हात ठेवून शेजारी बसायची. "दम. दम धर बाबा. कुणी न्हाई नेत तुजं." तिचा आवाज मऊ असायचा, पण डोळे वाटेकडं असायचे. वाटेवर धूळ दिसली की तिचं बोलणं मध्येच तुटायचं.

कुंडीतलं खाणं सावकाश झालं, पण बाहेर पडलेला तुकडा अजून तसाच गायब व्हायचा. म्हणून रायभाननं पडल्या पडल्या तुकडे फेकायचे आणि तिनं हावऱ्याची दोरी धरायची, असं सुरू झालं. तुकडा त्याच्या तोंडात गेला की ती दोरीनं ओढून त्याला जवळ घ्यायची, बोटं घालून तुकडा काढायची, आणि तळहातावर ठेवून थोडा थोडा करून तोच परत भरवायची. वर गुळाचा खडा. तिच्या बोटांना दात लागले, हावऱ्याच्या मानेवरचे केस दोरीनं झडले. हळूहळू तो दोरी न ओढता यायला लागला. तुकडा तोंडात धरायचा आणि तिच्या हाताकडं बघत उभा राहायचा. पण रोज नाही. भूक जास्त असली की सगळं विसरायचा. चार वेळा आणायचा, पाचव्यांदा गिळायचा. त्या पाचव्या वेळेची भीती घेऊन ती दिवस काढत होती.

सोनपेठच्या बाजाराचा दिवस होता. आसपासच्या रानातली माणसं बाजाराला गेलेली. दिवस मावळतीला टेकला होता आणि केवळाबाई मेंढ्या जाळीत घेत होती. तेवढ्यात ओढ्याच्या वाटेनं दोन माणसं आली. अंगात खाकी, पायात चपला. एकाच्या खांद्यावर पोतं.

"पानी है क्या, बाई?" पोतंवाल्यानं विचारलं.

तिनं तांब्या भरून दिला. पाणी पिताना त्याचे डोळे मेंढ्यांवरून फिरत होते.

"मालक कुठाय?" दुसऱ्यानं मराठीतच विचारलं.

"हायेत की. पालात."

तोही पाणी प्याला. दोघं वाटेला लागले. ओढ्याच्या कडेला पोचताना पोतंवाल्यानं मागं न बघता हात झटकला आणि काहीतरी पांढुरकं मातीत पडलं.

हावऱ्या सुटला. केवळाबाईनं ओरडायला तोंड उघडलं, पण तोवर तो गोळ्यापाशी पोचला होता. हावऱ्यानं गोळा उचलला. तोंड हललं, एकदा, दोनदा. तिला काही करता आलं नाही. फक्त तिचा हात आपोआप पुढं झाला, तळवा वर करून, रोज व्हायचा तसा.

हावऱ्या थांबला. तिच्या हाताकडं बघितलं. मग शेपूट हलवत आला आणि गोळा तिच्या हातावर ठेवला. चरबीचा, लाळेनं ओला, एका बाजूनं तुटलेला.

तुटलेला तुकडा कुठं गेला? तिनं गोळा चुलीत टाकला, हात राखेनं घासले, त्याच्या जबड्यात बोटं घातली. दाढेत चरबीचा बारीक लगदा निघाला. बाकीचा पोटात गेला की वाटेत सांडला, कळायला मार्ग नव्हता.

"अवो," ती पालाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "टाकला त्यांनी. ह्यानं आणून दिला, पर थोडा गेला का काय कळना."

"कुठंयत ते?"

तिनं वळून बघितलं. दोघं गेले नव्हतेच. ओढ्याच्या पलीकडं बाभळीखाली बसून विडी ओढत होते आणि इकडं बघत होते. कुत्रं पडायची वाट बघत होते.

रायभाननं उठायचा प्रयत्न केला आणि कळ लागून खाली बसला. "केवळे, त्याला फिरव. मेंढ्यांभवती फिरव. जित्ता हाय ते दिसू दे त्यांना. पडला तर येतील."

आधी तिनं मिठाचं पाणी हावऱ्याच्या नरड्यात ओतलं. पालाच्या आडोशाला त्याला उलटी झाली. मग त्याच्या गळ्यात दोरी अडकवून ती जाळीभोवती चालायला लागली. नजर बाभळीकडं जायची आणि परत हावऱ्याच्या मागच्या पायांवर यायची. ते ताठ झाले का? आता वाकतोय का? एकदा त्याची मांडी थडथड उडाली आणि ती जागच्या जागी गोठली. "चाल रे," ती पुटपुटली, "चाल माज्या लेकरा, पडू नगंस." तो चालला. पलीकडं पोतंवाला उभा राहिला, डोळ्यावर हात धरून बघितलं, परत बसला.

किती फेऱ्या झाल्या तिला कळलं नाही. उजेड कमी झाला, तशी विडीची ठिणगी तेवढी दिसत राहिली. मग बाजारच्या रस्त्यानं बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. आबासाहेबांच्या गाड्या परतत होत्या, गडी मोठमोठ्यानं बोलत येत होते. तेव्हा कुठं केवळाबाईच्या हाकेच्या टप्प्यात माणसं आली. ती अशी किंचाळली की गाडीवानांनी बैल थांबवले आणि काठ्या घेऊन धावले. बाभळीखाली ते पोचले तेव्हा तिथं विड्यांची थोटकंच राहिली होती.

हावऱ्याचं अंग थोडा वेळ आखडत राहिलं. आवाज झाला की तो दचकायचा, म्हणून गाडीवानांनी बैल लांब सोडले आणि कुणीच मोठ्यानं बोललं नाही. केवळाबाई त्याच्यावर घोंगडी टाकून बसून राहिली. उजाडलं तेव्हा तो उठला, थोडा झोकांडला आणि मेंढ्यांकडं गेला.

त्याच सकाळी आश्रुबा आपली उरलेली मेंढरं घेऊन आला. "वैनी, आता एकाच जाळीत बसवू," एवढंच म्हणाला. दोन्ही घरं एकत्र राहिली. आश्रुबाची बायको मनकर्णा आणि केवळाबाई आळीपाळीनं राखण करायच्या. खाकीतली ती माणसं परत दिसली नाहीत, पण ती कोण होती तेही कधी कळलं नाही, आणि त्यामुळं केवळाबाईची भीती काही उतरली नाही. रायभानचा नारू श्रावणात पुरता निघाला. भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, राज्य पालटलं, आणि हद्दीपलीकडं गेलेली माणसं गाडीत भांडीकुंडी भरून परत यायला लागली. रस्त्यानं गाडी दिसली की मनकर्णा धावत बघायला जायची. केवळाबाई जाळीपाशीच उभी राहून आधी विचारायची, "कोण हाय? वळकीचं हाय का?"