वन्संची शेवटून दुसरी टीम

अनघा, इकडे ये बघू, अशी लांब बसू नकोस. तू तिकडे टेक्सासात, अर्विंगला, आणि मी इथे श्रूजबरीत, हे मला कळतं. पण मी बोलायला लागले की फोन कानापासून वीतभर लांब धरायचा ही तुझ्या आईची सवय तुझ्यात उतरलीय, म्हणून आधीच सांगते, जवळ ये. हे मराठी मंडळाच्या पुरवणीत छापून येणार आहे, चार लोक वाचतील, वाचू देत. आई गेल्यावर तू आठ दिवस राहिलीस, सगळं निगुतीनं केलंस, त्याबद्दल मामीचं काही म्हणणं नाही. पण शोकसभेत तू कागद काढलास आणि इंग्रजीतून वाचलंस की आईला खेळांची आवड होती. बाई गं, आवड मला भरल्या वांग्याची आहे. तुझ्या आईचं जे काही होतं त्याला आवड म्हणत नाहीत. आणि तुझ्यामागून उठलेल्या मंडळींनी तर कहरच केला, एकीमागून एक वन्संच्या उकडीच्या मोदकांचं कौतुक. वन्संना मोदक जन्मात जमले नाहीत. दर चतुर्थीला ते माझ्या घरून जायचे, डबा मात्र त्यांचा. बास्केटबॉलचं कुणी नाव काढलं नाही. मी मागच्या खुर्चीत बसून नुसती धुसफुसत होते.

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. वन्संच्या शेजारणीचा फोन, सकाळचे दहा वाजलेले. म्हणाली, दोन दिवसांचे पेपर दारातच पडलेत, बेल वाजवली तरी येत नाहीत. मी मेथी तशीच टाकून गेले… पुढचं तुला माहीत आहे. झोपेतच गेल्या, चेहरा अगदी शांत होता. खरं सांगू, मला रडू नंतर आलं, आधी राग आला. स्पर्धा दोन आठवड्यांवर आलेली. अहो वन्सं, एवढे दोन आठवडे थांबायला काय झालं होतं?

आता ही स्पर्धा म्हणजे काय ते इतरांसाठी सांगते, तुझी आई मला सांगायची तसंच. वन्सं ज्या कॉलेजच्या लायब्ररीत अठ्ठावीस वर्षं कामाला होत्या ते लहानसं कॉलेज. आसपासची अशी दहा कॉलेजं मिळून त्यांची एक कॉन्फरन्स. हिवाळाभर मुलींच्या टीम एकमेकींशी खेळतात, त्यातून एक ते दहा नंबर लागतात. मग फेब्रुवारी सरता सरता या दहाजणींचीच आठवडाभर स्पर्धा. हरली की घरी. जी शेवटपर्यंत जिंकेल ती देशाच्या मोठ्या स्पर्धेला जाते, मग हिवाळ्यात तिचा नंबर कुठला का असेना. म्हणजे वर्षभर पहिली आलेली टीम एका दुपारी हरली की संपलं. आणि वर्षभर मार खाल्लेली नववी-दहावी टीम चार सामने जिंकली की चालली पुढे.

तुझे मामा गेले त्या हिवाळ्यात वन्संनी मला पहिल्यांदा तिथे नेलं. मला घराबाहेर काढायचं होतं, आणि मॉलला मी येत नव्हते. माझं इंग्रजी म्हणजे वन्संनी लायब्ररीतून आणून दिलेल्या लहान मुलांच्या पुस्तकांतून शिकलेलं. कर्ण्यावरून कोणीतरी सांगितलं की पहिल्या सहा टीमना बाय मिळाला आहे. मी वन्संना म्हटलं, "बघा, वर्षभर राबल्या त्यांनाच बाय-बाय करून घरी पाठवलं."

"अगं नलू, बाय म्हणजे त्यांना पहिला सामना खेळावाच लागत नाही. त्या थेट पुढच्या फेरीत."

"मग तसं म्हणा ना. पुढे पाठवायचं आणि बाय कशाला म्हणायचं?"

"तू घरातून निघताना 'येते' म्हणतेस ते?"

पण माझ्या डोक्यात पहिल्यांदा तेच आलं, की पहिल्या आल्या म्हणून घरी पाठवल्या. ते का आलं हे तुला माहीत नसेल. मी शाळेत कायम पहिली. पाचवीपासून अकरावीपर्यंत एकदाही नंबर सोडला नाही. आणि मॅट्रिकला गणिताच्या पेपराला ताप चढला, अक्षरं दिसेनात, कोरा कागद देऊन आले. नापास. वर्षभराच्या अभ्यासाला कोणी विचारलं नाही. ऑक्टोबरला परत बसणार होते, त्याच्या आधी जूनमध्ये लग्न झालं. तुझी आई याच्या बरोब्बर उलट. कायम शेवटच्या बाकावर, चाचणीत भोपळे, सहामाहीत भोपळे, आणि वार्षिकला न चुकता पास. स्वतःच सांगायच्या. मग तूच सांग, आम्ही दोघी एका बाकावर बसून ती स्पर्धा एका डोळ्याने बघणार कशा?

पंधरा वर्षं हेच. वन्सं त्यांच्या टीमच्या स्वेटरमध्ये, मी शालीत, मध्ये दशम्या आणि लसणाच्या चटणीचा डबा. तो उघडला की आमच्या पुढच्या दोन ओळी हळूहळू रिकाम्या व्हायच्या. मी म्हणायचे, ही स्पर्धा बंद करून टाका. हिवाळाभर जी पहिली आली तिला पाठवा मोठ्या स्पर्धेला, एका दुपारवर कुणाचं नशीब टांगू नका. वन्सं म्हणायच्या, "मग फेब्रुवारीत बाकीच्या नऊजणींनी काय करायचं? स्वेटर विणायचे?" मी म्हणायचे, "अभ्यास करायचा, कॉलेज आहे ते." आणि त्यांची टीम दरवर्षी आठवी नाहीतर नववी. या बाईने कधी जिंकणारी टीम धरली नाही. मला वैताग यायचा. सहा मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजची टीम पहिली यायची, तिथे पार्किंगसुद्धा चांगलं होतं.

दोन वर्षांपूर्वीचं सांगते. वन्संची टीम नववी, शेवटून दुसरी. पहिल्या फेरीत आठव्या टीमला हरवलं, ते ठीक. पुढचा सामना पहिल्या नंबरशी, त्यांच्याच कॉलेजात. त्या मुली हिवाळाभरात एकच सामना हरलेल्या. आणि वन्संची टीम जिंकली, एका गुणाने. वन्सं ऐंशीच्या घरात, गुडघे दोन्ही बदललेले, पण बाकावर उभ्या राहिल्या. मी मात्र समोर बघत होते. पहिल्या टीमची कॅप्टन, शेवटच्या वर्षाची मुलगी, भिंतीशी खाली बसली आणि डोक्यावरून टॉवेल ओढून घेतला. तिच्याकडे बोट करून मी वन्संना म्हटलं, "घ्या, पोटभर टाळ्या वाजवा. त्या पोरीचं वर्ष गेलं."

गाडीत बसलो. वन्संनी किल्ली लावली पण गाडी चालू केली नाही. समोर बघतच म्हणाल्या, "नलू, तुझ्या लग्नाची तारीख माझ्यामुळे जूनची धरली."

"माहीत आहे. तुमची रजा संपत होती, तुम्हाला अमेरिकेला परतायचं होतं."

"रजा वाढवून मिळत होती. मी मागितली नाही."

"का?"

"कंटाळा आला होता गं. उकाडा, पाहुणे, रोज कोणीतरी साडी बघायला. म्हटलं, उरकून टाका. तुझी परीक्षा ऑक्टोबरला आहे हे आई बोलली होती माझ्यापाशी. मी म्हटलं, मुलीला काय करायचंय आता मॅट्रिकचं."

अनघा, पन्नास वर्षांनी. पन्नास वर्षांनी हे सांगायचं, तेही पार्किंगमध्ये, पॉपकॉर्नची पिशवी मांडीवर घेऊन. इथे आम्हाला याच बाईने बोलावून घेतलं, मला पुस्तकं याच बाईने आणून दिली, माझ्या दोन्ही बाळंतपणांत उठबस याच बाईने केली. आता त्याला मी काय समजायचं, प्रेम की भरपाई? मी म्हटलं, "गाडी चालू करा, काचेवर वाफ धरलीय." घरापर्यंत मी शालीच्या टोकाने काच पुसत राहिले. पुढच्या सामन्यात त्यांची टीम तीस गुणांनी हरली. तो मी त्यांच्याबरोबर बघितला, पण डबा नेला नाही.

त्यानंतर बोलणं-चालणं सुरू झालं, म्हातारपणी कुठे रुसून बसणार, पण तो विषय आम्ही काढला नाही. मग या जानेवारीत वन्सं बर्फातून स्वतः गाडी चालवत माझ्याकडे आल्या. हातात कागद. कॉन्फरन्सची दोन कॉलेजं बाहेर पडतायत, एक तर कायमचंच बंद होतंय, आणि ऑफिसातल्या लोकांचा विचार चाललाय की यापुढे स्पर्धेत सगळ्यांना घ्यायचं नाही, पहिल्या चारच टीम घ्यायच्या. बसचा खर्च वाचेल, मुलींचे तास बुडणार नाहीत, आणि भलतीच टीम जिंकून मोठ्या स्पर्धेत कॉन्फरन्सची नाचक्की व्हायची नाही. मे महिन्यात त्यांची बैठक आहे आणि कोणाचं काही म्हणणं असेल तर लेखी मागवलंय. वन्संनी पत्र लिहिलं होतं, दोन पानी. मला म्हणाल्या, खाली सही कर.

मी वाचलं. चांगलं लिहिलं होतं. त्यात एक वाक्य होतं, जी मुलगी नोव्हेंबरपासून हरतेय ती जानेवारीच्या अंधारात पहाटे उठून सरावाला कशासाठी जाते, याचं उत्तर ही स्पर्धा आहे. मी कागद परत दिला. म्हटलं, "मला हे पटत नाही, मी सही करणार नाही."

"नको करूस. मग तुझं म्हणणं वेगळ्या कागदावर लिहून दे. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवू."

"तुमच्याविरुद्ध पत्र, आणि तुमच्याच पाकिटातून?"

"मग काय झालं? त्यांना दोन्ही बाजू कळायला नकोत का? आणि तुझी बाजू तुझ्याइतकी कुणाला माहितीय?"

मी म्हटलं, बघते. सरळ बघते म्हटलं आणि विषय बदलला, चहा टाकला. त्या दोनदा फोनवर म्हणाल्या, लिहिलंस का? दोनदा मी म्हटलं, वेळ नाही. मला कसला वेळ नव्हता? दिवसभर खिडकीतून बर्फ बघत होते. राग होता मनात, दुसरं काही नाही. त्यांच्या रजेचा राग. पुढच्या तीन आठवड्यांत त्या गेल्याच.

तू परत गेलीस त्यानंतर घर आवरताना त्यांच्या टेबलावर ते पाकीट सापडलं. वर पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं. पाकीट मात्र उघडं. आत फक्त त्यांचं पत्र. माझ्या कागदासाठी थांबल्या होत्या… आता हिला काय म्हणावं? अहो वन्सं, टाकायचं ना पेटीत. माझी कसली वाट बघायची? हिशेबानं माझ्या पत्राने त्यांचंच नुकसान व्हायचं.

स्पर्धेला यंदा मी गेले नाही. निकाल फोनवर बघितला. वन्संची टीम सातवी होती, पहिल्याच सामन्यात हरली. सगळ्यांना घेऊन झालेली ही कदाचित शेवटचीच. मग ठरवलं, आपण आपला शब्द पाळावा, बघते म्हटलं होतं ना. वही घेऊन बसले माझं पत्र लिहायला. वर्षभर जी पहिली येते तिच्यावर अन्याय, इथून सुरुवात केली. चार ओळी लिहिल्या आणि हात थांबला. पंधरा वर्षं मी त्या पहिल्या नंबरच्या पोरीला आपली समजत आले. पण ज्या दिवशी मी नापास झाले त्या दिवशी मी पहिली कुठे राहिले होते? त्या दिवसापासून मी शेवटून दुसरीच. आणि ऑक्टोबरची ती परीक्षा होती कोणासाठी? पहिल्या चारांसाठी नव्हती, नापास झालेल्यांसाठीच होती. मला तो पेपर गेल्याचं दुःख आहे, पण जन्मभर जे सलत राहिलं ते ऑक्टोबरचं. लिहीत गेले तर माझ्या कागदावर सगळी वन्संचीच बाजू उतरली, त्यांच्यापेक्षा जरा जास्तच जोरात. फाडून परत लिहिलं. परत तेच. मेल्यावरसुद्धा ही बाई मला जिंकू देत नाही.

आता पंचाईत अशी की माझ्याकडे दोन पत्रं आहेत आणि दोन्ही एकाच बाजूची. अशी पाठवली तर वन्संना चालायचं नाही, त्यांना दोन्ही बाजू हव्या होत्या. तू शाळेत डिबेटमध्ये बक्षिसं घ्यायचीस, वर्गात पहिली असायचीस. परवा फोनवर मला म्हणालीस पण, "मामी, ऑनेस्टली, टॉप फोर मेक्स सेन्स." मला इतका राग आला, आणि लगेच कळलं की हे तर माझंच वाक्य. ते आता मला बोलता येत नाही गं. तूच बोल. फोनवर नको, ईमेलने तर मुळीच नको, इथे टेबलाशी बसून कागदावर लिही. मी समोर बसून प्रत्येक ओळीला भांडेन, तू ऐकू नकोस. मेच्या आधी ते पोचायला हवं, म्हणजे एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या शनिवारी तरी निघ. खोली आवरून ठेवलीय. पाकीट मी अजून चिकटवलेलं नाही.