शुक्रवार चुकलेली चिठ्ठी

ती चिठ्ठी मला आजही शब्दन् शब्द आठवते. आठवली की राग येतो, आणि लिहिणाऱ्यापेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. गोरेगाव-साखऱ्याच्या पट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावी मी ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगत नाही, त्यातली माणसं अजून तिथंच राहतात. आमचं रोजचं काम म्हणजे बांधाची भांडणं, मोटारपंपाच्या चोऱ्या आणि नंबरावरून जीपवाल्यांची हाणामारी. दहशतवाद आम्ही फक्त प्रशिक्षणात पाहिला होता, तोही फळ्यावर. एका वरिष्ठांनी दोन रकाने आखले होते. डावीकडे परदेशी संघटना: सीमेपलीकडचं प्रशिक्षण, हवालाचा पैसा, फोनवरून हुकूम, मोठ्या शहरातलं लक्ष्य. उजवीकडे देशातले गट: चार ओळखीची माणसं, मिळेल ते स्फोटक, जवळचं लक्ष्य. डावा रकाना मी वहीत नीट उतरवून घेतला. उजवीकडची माणसं म्हणजे टवाळ पोरं, त्यांना एक कानाखाली दिली की काम झालं, अशी माझी समजूत होती.

एका बुधवारी सकाळी आमच्या शांतता समितीचे एक सदस्य ठाण्यात आले. खत-बियाण्यांचं दुकान, गावात मान, माझ्याशी चहापाण्याची घसट. दार लोटून घेत म्हणाले, "साहेब, तो कूलरवाला आखातातून आला तवापासून त्याचे फोन लई वाढले. एसटीडीवर बाहेरदेशाचे फोन येतात. दुकानात घड्याळं, वायरी पडलेल्या असतात. मी काही म्हणत न्हाई, पण नजर ठेवा."

कूलरवाला म्हणजे पंखे-कूलर दुरुस्त करणारा एक मुसलमान मेकॅनिक, पस्तिशीतला. आखातात चार वर्षं काढून आलेला. मी नाव टिपून ठेवलं.

गुरुवारी दुपारच्या टपालात चिठ्ठी आली. हिंदीत, एका परदेशी संघटनेच्या नावाने. 'इस जुम्मे की रात तुम्हारा सप्ता खून में डूबेगा.' गावात मंदिरात सप्ता बसलेला होता, संध्याकाळच्या कीर्तनाला बाया-लेकरांसकट हजारभर माणूस जमायचं. पाकिटावर शिक्का हिंगोलीचाच होता, पण परदेशी संघटनेचा इथं कुणी हस्तक असणार, अशी मी मनाची समजूत घातली. बिनतारीवरून अधीक्षकांना कळवलं. हुकूम आला: संशयिताला ताब्यात ठेवा, दुकान सील करा, झडती तज्ज्ञांसमोर होईल, मुंबईहून पथक शुक्रवारी संध्याकाळी येऊन त्याला घेऊन जाईल.

एकदा तिकडे गेलेला माणूस कधी परत येतो, आणि आला तर कसा येतो, हे आम्हाला माहीत होतं.

डायरीत 'चौकशीकामी बोलावले' अशी नोंद करून त्याला चार वाजता आणलं. मारलं नाही. पण रात्रभर बसूही दिलं नाही. हे लिहिताना लाज वाटते, तरी लिहितो. प्रश्न तेच, उत्तरं तीच. फोन कुणाचा? भावाचा, तो अजून तिकडं कामाला आहे. घड्याळं कुणाची? गिऱ्हाइकांची. त्याची बायको धाकट्या लेकराला कडेवर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

शुक्रवारी सकाळी माझा संयम सुटला. तोवर चिठ्ठी त्याला दाखवली नव्हती. आता ती ओळ मोठ्याने वाचली आणि टेबलावर हात आपटला. "आज रात्री कीर्तनात काय होणार आहे ते सांग. नाहीतर संध्याकाळी तुला नेतील, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

त्याचे पाय सुजले होते. तो गोंधळून म्हणाला, "आज? साहब, जुम्मे की रात तो कल हो गई. कल रात मैं तुम्हारे पासइच तो खडा था."

मला वाटलं, हा वेड पांघरतोय. पण दाराशी उभे असलेले आमचे जमादार पुढे आले. वयस्कर माणूस, हिंगोलीत मुसलमान शेजाऱ्यांत वाढलेले. "बराबर बोलून राहिला साहेब. यांच्यात दिवस मावळला की दुसरा दिवस लागतो. गुरुवारी सांज झाली की जुम्म्याची रात. आमच्या गल्लीत लहान लेकराला बी ठावं हाय."

मी चिठ्ठी पुन्हा वाचली. ती खरी असती तर जे व्हायचं ते काल रात्री झालं असतं. काल तर गावात कुत्रं भुंकलं नव्हतं. म्हणजे ज्याने लिहिलं त्याला शुक्रवारची रात्र म्हणायची होती, अगदी माझ्यासारखी. तो मुसलमान नव्हता, माझ्यासारखेच दिवस मोजणारा होता. आणि आम्ही साप साप म्हणून भुई धोपटत होतो.

मग कोण? चिठ्ठी यायच्या आदल्या दिवशीच त्या दिशेला बोट दाखवून गेलेला माणूस एकच होता. पुरावा मात्र शून्य. समितीच्या सदस्याला नुसत्या संशयावर उचललं असतं तर गावच ठाण्यावर आलं असतं.

दुपारी त्यांना चहाला बोलावलं. त्यांनी लगेच विचारलं, "कबूल झाला का?"

"न्हाई हो," मी त्यांच्याच बोलीत म्हणालो. "काहीच मिळून न्हाई राहिलं. पथक आलं की दुकान उघडू. तिथं काही न्हाई निघालं तर सोडून द्यावं लागेल."

त्यांनी कप खाली ठेवला. "सोडून देता? साहेब, दुकान नीट बघा. माळ्यावर बघा."

"बघू की," मी म्हणालो.

ते गेल्यावर साध्या कपड्यातला एक शिपाई त्यांच्या मागावर सोडला. बाकीचं मनुष्यबळ मंदिरावर लावलं. जमादार आणि मी सील केलेल्या दुकानाच्या पाठीमागे, बंद पिठाच्या गिरणीत बसलो. माझा अंदाज चुकला असता तर ठाणेदार गिरणीत आणि माणसं मंदिरात मेलेली, असा हिशेब होता. दिवेलागणीला मंदिराच्या भोंग्यावर टाळ सुरू झाले.

तेवढ्यात बोळातून पांढऱ्या कपड्यातला माणूस आला. हातात पिशवी. दुकानाच्या मागचा पत्रा त्याने खांद्याने सरकवला. जमादारांनी बॅटरी मारली. खतवालेच होते.

मी पिशवीला हात घालणार तोच ते कुजबुजले, "हळू साहेब. हळू धरा."

मी हात मागे घेतला आणि त्यांनाच ती पिशवी हळूच जमिनीवर टेकवायला लावली. पंच बोलावले, तज्ज्ञ आल्यावर पंचनामा झाला. आत विहिरीच्या सुरुंगाच्या कांड्या, घड्याळ आणि चिठ्ठी ज्या वहीच्या पानावर लिहिली होती त्याच वहीचे कागद होते. उरलेला माल त्यांच्या गोदामात सापडला. गोदामाची भिंत मंदिराच्या भिंतीला लागून होती. सोबतचे दोघे त्याच रात्री मिळाले, दोघेही गावातलेच. कीर्तनात स्फोट करून आळ परदेशी संघटनेवर टाकायचा आणि गाव पेटवायचं, असा बेत होता.

धोका कुणाचा मोठा, असं लोक मला विचारतात. पुढे दुसऱ्या जिल्ह्यात परदेशातून हलणाऱ्या एका गटाच्या तपासातही मी होतो. त्यांच्याकडे पैसा होता, सबुरी होती, एका फटक्यात शंभर माणसं मारायची ताकद होती. पण तिथंही खोली भाड्याने देणारा आणि रस्ता दाखवणारा इथलाच निघाला. परक्याला घरचा माणूस लागतो, आणि घरच्याला परक्याचं नाव लागतं. फरक एवढाच की परक्याला आपण भितो, म्हणून त्याच्यावर नजर ठेवतो. घरच्याला कीर्तन किती वाजता रंगतं ते ठाऊक असतं, आणि आपण त्याला चहा पाजतो.

शनिवारी सकाळी मेकॅनिकचा जबाब घेऊन त्याला सोडलं. बायकोने लेकरू त्याच्याकडे दिलं. मी जीप देतो म्हणालो, तो नको म्हणाला. पायरी उतरता उतरता थांबून त्याने विचारलं, "साहेब, त्यानं जुम्म्याची रात बराबर धरून गुरुवारचाच बेत केला असता, तर?"

"तर मंदिर गेलं असतं," मी म्हणालो, "आणि तुला मी पथकाच्या हवाली केलं असतं."

त्याने मान डोलावली. उत्तर त्याला आधीच माहीत होतं. मला मात्र ते स्वतःच्या तोंडून ऐकेपर्यंत माहीत नव्हतं.